बियाण्याचे कोसे

तान्हा पोळा होऊन चार दिवस झालेत.
पडवीत आडव्या बांबूला कोशांच्या माळा,
त्यांच्याखाली खाटेवर मी, मांडीवर लॅपटॉप,
मोबाईलच्या दोन काड्यांवर
पुण्याच्या मशीनला लोंबकळलेली.

"काय पाहून रायली वो?" सुलकनआत्या विचारते.
तुझ्या माळेतलंच, मी म्हणते.
पाखरू कोशातून निघताना तोंडाने जे पाणी सोडतं
त्यातलं एक प्रथिन.
डिंक विरघळवतं, धागा तोडत नाही.

पडद्यावर ते निळ्या जाळीत अडकलंय.
३.४ अँगस्ट्रॉम. म्हणजे
धुक्यातून वैनगंगेपलीकडची माणसं मोजायची.
डोकी कळतात.
कुणी कुणाचा हात धरलाय, ते नाही.

हायड्रोजन तर दिसतच नाही.
नायट्रोजन अंदाजाने,
समोरच्या पदरातला ऑक्सिजन अंदाजाने,
आणि मधला तो बारका, ज्याच्यामुळे दोघं जवळ राहतात,
तो गृहीत धरायचा.
म्हणून लिहिते, ओळीमागून ओळ:
४१चा नायट्रोजन, ६४चा ऑक्सिजन,
अंतर २.९, सूट ०.१.

सूट महत्त्वाची.
हा खिळा नव्हे, दावं आहे.
गोऱ्हा हिरव्याकडे निघाला तर जाऊ द्यायचा,
जितका लांब तितका मानेला ताण, एवढंच.
तिकडे खरंच चारा असेल
तर तो ताण सोसूनही जाईल.

परवा मात्र हावरेपणा केला.
११२ ते ११९, तिथे जाळी विरळ,
आणि याच्या भाऊबंद प्रथिनांत
पदर तिथे सरळ जातात, हे मी वाचलेलं.
चार दोर बांधले. सूट जवळजवळ ठेवलीच नाही.
सकाळी सगळं इस्त्री केल्यासारखं.
आकडा उतरला. मी भात दोनदा वाढून घेतला.

मग दुसरा आकडा पाहिला.

त्याचं असं असतं,
शंभर ठिपक्यांतले पाच सुरुवातीलाच बाजूला काढायचे,
जुळवाजुळवीत त्यांना कधीच घ्यायचं नाही,
आणि शेवटी त्यांनाच विचारायचं, जमलं का?
तो वर चढला होता.

हे आत्याला कसं सांगू? माळेकडे बोट केलं.
"हे काहून उकळले नाईत?"
"बियान्याचे हायेत ना बापा.
सारेच उकळले तं येनावर मंग काय सोडाचं?
अन् पीक चांगलं का रोगट,
थे यातलं पाखरूच सांगते."

दुपारी लाईन गेली. बॅटरी एकोणीस टक्के.
तेवढ्यात चार दोर सोडले.
ओळी पुसल्या नाहीत, पुढे फक्त खूण केली,
उद्या कुणी विचारलं तर दाखवता याव्यात.

दिवेलागणीला लाईन आली, साडेनऊला हिशोब संपला.
११५पाशी पदर बाहेर वळला होता,
मी मनातही न आणलेल्या दिशेला,
आणि तो जिथून उठला तिथे
हिरवा एक गोळा, कुणाचाच नसलेला.
पाणी असेल, मीठ असेल. माहीत नाही.
दुसरा आकडा अर्ध्या टक्क्याने उतरला.
अर्ध्याच.

४१ आणि ६४ मात्र तसेच बांधलेले ठेवले.
ते सोडून पाहिले होते, तर कापूस पिंजल्यासारखे पदर सुटले.
धुक्यात हात दिसला नाही
म्हणून धरलाच नव्हता, असं थोडंच आहे.

झोपायला उठले तर आत्या टॉर्च घेऊन माळेपाशी.
एक कोसा देठाजवळ ओला झालेला.
डाग रुपयाएवढा झाला,
धागे बाजूला सरले,
आधी एक पाय आला, मग बराच वेळ काहीच नाही.

"ओढू नोको," आत्या म्हणाली.

माझा हात पुढे कधी गेला
मलाच कळलं नव्हतं.